लेप ओला असेतोवर

२०३८ सालच्या डिसेंबरात कुंदा आत्रामनं मारेडोहच्या नाल्यातून तांब्याभर पाणी घेतलं आणि जमलेल्या लोकांसमोर ते पिऊन दाखवलं. पाणी थंड होतं, चवीला किंचित तुरट. तिनं रिकामा तांब्या उलटा धरला तेव्हा मागे उभ्या बायकांमध्ये हसू पसरलं. तिचा थोरला भाऊ लालशा मात्र हसला नाही. तो नाल्यात उतरला, ओंजळीत पाणी घेऊन बराच वेळ नुसता पाहत राहिला, आणि मग तोही प्यायला.

त्या नाल्याला माणसानं तोंड लावलेलं पंधरा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मारेडोह हे चंद्रपूर जिल्ह्याच्या कोळसापट्ट्यातलं गाव. गावाच्या पोटात खाण होती. जमिनीखाली बोगदे, बोगद्यांचं छत तोलायला सोडलेले कोळशाचे खांब, एक वरचा थर आणि त्याच्याखाली दुसरा. खाण चालू होती तोवर पंप सतत पाणी उपसत. पुढे कोळसा परवडेनासा झाला, खाण बंद पडली, पंप थांबले. काही वर्षांनी, मजूर ज्या उतरत्या तोंडातून कामाला खाली जात, त्याच तोंडातून पाणी वर आलं आणि नाल्याला लागलं. आधी ते स्वच्छ होतं. मग पिवळसर झालं, मग गंजलेल्या पत्र्यासारखं नारिंगी. नाल्यातले खेकडे गेले. तलावातले मासे पोट वर करून तरंगले. हातपंपांचे पाइप आतून खाल्ले गेले, बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, धान पिवळं पडून बसलं. शेवटी गावच उठून हमरस्त्याकाठच्या पत्र्याच्या वसाहतीत राहायला गेलं. लालशानं त्या खाणीत वीस वर्षं कोळसा तोडला होता. वसाहतीत तो एका सिमेंटच्या गोदामावर राखणदार झाला.

कोळशाच्या थरात पायराइट नावाचं खनिज असतं, लोखंड आणि गंधक यांचं. दिसायला सोन्यासारखं पिवळं, चमकदार. हवा पोचत नाही तिथं ते कोट्यवधी वर्षं निमूट पडून राहतं. खाण खणली की त्याला हवा आणि ओल दोन्ही मिळतात आणि त्यातून गंधकाम्ल तयार होऊ लागतं. काही सूक्ष्मजंतू तर याच क्रियेवर जगतात आणि तिचा वेग कैक पटींनी वाढवतात. ते आम्ल खडकातलं मँगनीज, निकेल, कधी आर्सेनिकसुद्धा विरघळवून सोबत आणतं. खाण पाण्यानं पूर्ण भरली तर हवा तुटते आणि क्रिया मंदावते. पण पातळी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि मधला पट्टा दर वर्षी उघडा पडतो. जास्तीत जास्त विष त्या पट्ट्यात तयार होतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे चुना. खाणीच्या तोंडाशी एक शुद्धीकरण केंद्र होतं आणि कुंदा तिथली रसायनतज्ज्ञ होती. लाल पाण्यात चुन्याचं दूध मिसळलं की आम्ल मरतं, धातू गाळ होऊन तळाशी बसतात. पण खाण आम्ल करायची थांबत नाही, त्यामुळे चुनाही थांबवता येत नाही. हे किती वर्षं चालवायचं, असं तिनं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. शेकडो वर्षं, असं तिच्या साहेबांनी सहज सांगितलं, जणू ती बसची वेळ विचारत होती. चुना कधीच पुरेसा यायचा नाही. गाळाच्या टाक्या भरून वाहायच्या. नाला थोडा फिका व्हायचा, एवढंच.

कुंदाच्या डोक्यात वेगळंच होतं. पाणी बाहेर आल्यावर धूत बसण्याऐवजी आत त्या पायराइटलाच झाकून टाकता आलं तर? त्या भागात धानाच्या गिरण्या पुष्कळ. तुसाच्या राखेचे ढीग गिरणीमागे पडलेले असायचे. त्या राखेत सिलिका भरपूर असते. राखेतून काढलेली सिलिका आणि फॉस्फेट यांचं द्रावण ठराविक प्रमाणात खाणीतल्या पाण्यात सोडलं, तर ते नेमकं पायराइटवर जाऊन बसतं आणि केसाहून पातळ, काचेसारखा लेप धरतं. मग हवा आली तरी तिला पायराइटपर्यंत पोचायला वाट नसते. प्रयोगशाळेत हे जमायला तिला नऊ वर्षं लागली. खाणीत बोअर मारून द्रावण सोडायला आणखी तीन. तिसऱ्या वर्षी नाल्याच्या दगडांवरची नारिंगी साय धुऊन गेली.

लेपाची अट एकच होती. तो ओला राहायला हवा होता. उन्हाळ्यात पातळी थोडी उतरली तर भिंतींची ओल पुरे. पण खाण महिनोन्‌महिने कोरडी पडली, तर लेप तलावाच्या तळासारखा भेगाळणार. हे कुंदानं आपल्या अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. त्या वेळी ते कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. बुडालेली खाण कोरडी कशाला पडेल?

गाव परत आलं. सगळी घरं नाही, पण निम्म्याहून जास्त. लालशानं पडक्या घराच्या जागी नवं घर बांधलं, जुनी बांधी नांगरली. त्यानं आणि आणखी काही जणांनी मिळून गावतलावात मासोळीचं बी सोडलं. त्याची बायको राजूबाई दर आठवड्याला कुंदासाठी तलावातली मरळ पाठवायची. केंद्राला आता काम उरलं नव्हतं. चुना कालवायच्या टाक्या, ढवळणी, मोठे हौद सगळं मोडीत गेलं. ते मोडीत काढायच्या कागदावर सही करताना कुंदाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाचा उघड अभिमान वाटला. आपल्या मुलीचे, ऋतुजाचे वडील असते तर त्यांनी पेढे वाटले असते, असं तिला वाटून गेलं. ते ऋतुजा चौथीत असतानाच वारले होते. वडलांच्या जागी तिला लालशानंच वाढवलं होतं. शाळेच्या सुट्या मामाच्या वसाहतीत, कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून मामाची सही. ऋतुजा आता शहरातल्या सरकारी इस्पितळात डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती.

पाणी स्वच्छ झाल्याची बातमी शहरात पोचली, आणि दोन वर्षांनी पाणीपुरवठ्याचे अभियंता निखिल देवतळे केंद्रात आले. मध्यमवयीन, नम्र माणूस. बोलताना समोरच्याचं पुरतं ऐकून घेणारा. त्यांनी नकाशा पसरला. शहराची लोकसंख्या वाढत होती, धरण गाळानं भरत होतं, आणि इथं जमिनीखाली, बाष्पीभवन न होणारा एवढा मोठा साठा होता. नळ टाकला की झालं. कुंदानं त्यांना लेप समजावून सांगितला, अट सांगितली. त्यांनी ती मान्य केली. वरच्या थराच्या छताखाली पातळी जाऊ द्यायची नाही, आणि तशी वेळ आलीच तर कुंदाच्या लेखी संमतीशिवाय पंप चालवायचे नाहीत, असं करारात घातलं गेलं. ते कलम त्यांनीच सुचवलं होतं.

लालशाला हे कळलं तेव्हा तो केंद्रात आला. कधी नव्हे ते त्यानं दार लावून घेतलं.

"बाई, एक सांगतो, रागावू नको," तो म्हणाला. "पाणी थोडं लाल राहू दे."

कुंदाला आधी कळलंच नाही.

"नुसतं लोखंड. तूच म्हणाली होतीस ना, एकट्या लोखंडानं कोनी मरत नाई. मासोळ्या जगतीन, धान जगंल. पण दिसाले लाल दिसलं तं शहरवाले त्याले हात नाई लावणार. हे लोकं कोरडं झाल्याबिगर थांबत नाईत. खाणीतबी हेच पाह्यलं मी. खांब सोडाचे म्हणत, अन मंग खांबबी तोडून नेत."

हे करणं अवघड नव्हतं. नाल्याच्या तोंडाशी थोडं लोहाचं मीठ सोडलं की पुरे. आमसुलाच्या सारासारखा रंग आला असता आणि पाणी तपासणीत नापास झालं असतं. कुंदा म्हणाली की आपलं अख्खं आयुष्य हे पाणी निर्मळ करण्यात गेलं, ते मुद्दाम मळवून खोटे आकडे लिहायला तिला सांगू नये. करार पक्का आहे, कलम पक्कं आहे, आणि संमती तिच्या हातात आहे.

"तुझ्या हातात आहे, म्हणून तं बोलतो," लालशा म्हणाला. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

नळ आला. पहिली तीन वर्षं सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. देवतळे दर महिन्याला पातळीचे आकडे स्वतः पाठवत. मग दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले, आणि २०४५ च्या मार्चमध्ये धरणाच्या तळाला बुडालेल्या जुन्या देवळाचा कळस दिसू लागला. शहरात आठवड्यातून एकदा नळ येई. टँकरमागे हाणामाऱ्या झाल्या, एका वस्तीत एक म्हातारा चेंगरून मेला.

एप्रिलमध्ये पाणी उतरत उतरत वरच्या थराच्या छताला टेकलं. देवतळे आले. त्यांचे डोळे झोप नसल्यासारखे लाल होते. पातळी आणखी उतरू दिली तर काय होईल, एवढंच त्यांनी विचारलं. कुंदानं खरं ते सांगितलं. भिंती चार-सहा आठवडे ओल धरून राहतील. त्यापुढचं सांगता येणार नाही. त्यांनी तीन आठवडे मागितले. तिनं दिले. मे महिन्यात त्यांनी पुन्हा तीन मागितले. तिनं तेही दिले, पण हे शेवटचं, असं बजावून सांगितलं. मेच्या शेवटी ते तिसऱ्यांदा आले तेव्हा तिनं नाही म्हटलं. देवतळे वाद घालत बसले नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा पिऊन उरलेला तसाच न ठेवता पूर्ण संपवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला.

डायलिसिसच्या एका फेरीला शेकडो लिटर पाणी लागतं. रक्तातली घाण बाहेर काढायची तर पडद्याच्या पलीकडून सतत शुद्ध पाणी वाहत ठेवावं लागतं, आणि तेवढं शुद्ध करायला त्याहून जास्त पाणी आधी वाया जातं. इस्पितळाच्या टाकीत ते उरलं नव्हतं. तिनं हे सगळं सावकाश सांगितलं, जणू आईला ठाऊकच नव्हतं. फेऱ्या आठवड्यातून तिनाच्या दोन केल्या होत्या, आता एकावर आल्या होत्या. आज काही जणांना दारातूनच परत पाठवलं. त्यातला एक रिक्षावाला मागच्या वेळी परत गेला होता, तो आज आलाच नाही. त्याच्या घरी फोन लावला तर त्याच्या भावानं उचलला आणि तो रात्रीच गेल्याचं सांगितलं.

"तुला देवतळेंनी फोन करायला सांगितलं का?" कुंदानं विचारलं.

"नाही, आई. कुणी सांगितलं नाही. मी हे आणखी कुणाला सांगणार?"

कुंदा त्या दिवशी जेवली नाही. तिनं लालशाला फोन लावला आणि रिंग जाण्याआधी कापला. काय विचारणार होती त्याला? तो नको म्हणाला असता तर ती काय करणार होती, आणि हो म्हणाला असता तर? सकाळी तिनं देवतळेंना संमती पाठवली. त्यात मुदत लिहिली नाही. फक्त पाऊस येईपर्यंत, एवढं लिहिलं.

जूनच्या मध्यावर तिनं एका बोअरमधून कॅमेरा खाली सोडला. पडद्यावर आधी अंधार दिसला, मग खाणीची भिंत. लेप सोलून निघाला होता. वाळलेल्या चिखलासारख्या त्याच्या खपल्या वळून उभ्या राहिल्या होत्या, आणि प्रत्येक भेगेतून पिवळ्या-पांढऱ्या स्फटिकांचे झुबके फुलले होते, इतके नाजूक की क्षणभर ते सुंदर वाटले. ते गोठलेलं आम्ल होतं. पायराइट पुन्हा श्वास घेत होतं, आणि धुऊन न्यायला पाणी नसल्यामुळे तयार झालेलं सगळं विष मिठाच्या रूपात भिंतीवर साठत होतं. पाणी परत चढेल तेव्हा ते मीठ एकदम विरघळणार होतं. लेप नव्हता तेव्हा जे वर्षभरात थोडं थोडं बाहेर यायचं, ते आता काही दिवसांत येणार होतं.

त्याच आठवड्यात लालशा आला. त्याच्या विहिरीचा तळ दिसू लागला होता, आणि उन्हाळे त्यानं पुष्कळ पाहिले होते. हा फरक उन्हाळ्याचा नव्हता. त्यानं विचारायच्या आत कुंदानं त्याला सगळं सांगितलं. पडद्यावरची भिंतही दाखवली. त्याला ती जागा ओळखता आली. तिथं जेवणाच्या सुट्टीत ते डबे उघडायचे, म्हणाला.

"कधी येईल?"

"पातळी चढली की. श्रावणात."

"तुले माहीत होतं?"

"भीती होती, दादा. शहरात माणसं मरत होती."

लालशानं मान हलवली. त्याला माणसं मरत होती हे पटलेलं दिसलं. "मले एकदा विचाराचं होतं," तो म्हणाला. "मी नाई म्हटलं असतं का हो म्हटलं असतं, मले नाई माहीत. पण गाव आमचं होतं."

राजूबाईनं पाठवलेला डबा त्यानं टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेला.

कुंदानं चुना मागवायला सुरुवात केली. ज्या टाक्या तिनं मोडीत काढल्या होत्या त्या पुन्हा उभ्या करायला मंजुरी हवी होती, आणि मंजुरी देणाऱ्या माणसाला आधी हे समजावून सांगावं लागे की जे पाणी आज स्वच्छ आहे ते पुढच्या महिन्यात विषारी का होणार आहे. जुलैत जोराचा पाऊस झाला. धरण भरलं, शहरात लोकांनी पुलावर उभं राहून दरवाजे उघडताना पाहिले, मारेडोहचे पंप बंद झाले. वर्तमानपत्रांत मारेडोहनं शहर कसं तगवलं यावर एक लेखही आला. देवतळे धावपळ करत होते, हे कुंदाला दिसत होतं. पण आता त्यांचं ऐकून घ्यायला कुणाकडे वेळ नव्हता. ऑगस्टपर्यंत चुन्याचे मोजकेच ट्रक आले. ताडपत्र्या नीट नव्हत्या. निम्मा चुना पावसात भिजून वाटेतच दगड झाला होता.

गावानं वाट पाहिली नाही. लालशानं ठरवलं की नाला तलावात पडतो त्याआधीच बांध घालून तो वळवायचा आणि गावाखालून पुढे काढून द्यायचा. पोकलेन मिळालं नाही. माणसंच घमेली-फावडी घेऊन उतरली. कुंदाही उतरली. तिला कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. फोडलेल्या चुनखडीच्या पोत्यांची एक भिंत, तिच्यामागे मातीची दुसरी. चारी खणताना राजूबाई तिच्या शेजारी होती आणि घमेलं हातात देताना तिच्याकडे पाहत नव्हती.

लोंढा आला तो एका दुपारी. आधी पाण्यावर फेस दिसला, मग रंग. बांधानं तो तीन दिवस वळवून धरला. त्या दिवसांत लालशा तिथून हलला नाही. आम्लात उभं राहून त्याच्या पावलांची कातडी सोलली होती. कुंदानं सोड्याचं पाणी आणून त्याचे पाय धुतले. त्यानं धुऊ दिले, पण तो बोलला नाही. चौथ्या दिवशी वरून पुन्हा पाऊस कोसळला. चुनखडीवर गाळाचं कवच धरल्यामुळे ती निकामी झाली होती, आणि मातीची भिंत सगळे पाहत असतानाच आवाज न करता मध्यातून खचली. पाणी तलावात शिरलं.

मासे लगेच मरत नाहीत. ते आधी काठाला येतात, जिथं पाणी उथळ असतं तिथं, आणि तोंड वर काढतात. आम्ल आणि लोखंड त्यांच्या कल्ल्यांवर बसतं, त्यांना श्वास घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण काठ पांढरा झाला होता. बायकांनी पोती भरून मासे बाहेर काढले आणि कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून खड्डे करून पुरले. राजूबाईनं एकदाच मान वर केली, तलावाकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली.

दिवाळीपर्यंत विहिरी गेल्या. पुढच्या उन्हाळ्याआधी गाव दुसऱ्यांदा उठलं. या वेळी वसाहतही नव्हती; तिथं आता गोदामं झाली होती. बहुतेक जण शहरात गेले. लालशानं रेल्वेरुळांपलीकडच्या झोपडपट्टीत खोली घेतली. सामान टेम्पोत चढत असताना कुंदा जाऊन उभी राहिली. ती माफी मागायला आली होती, पण ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. त्याऐवजी ती म्हणाली की केंद्र पुन्हा सुरू होतंय, मोठ्या टाक्या मंजूर झाल्यात, आणि नवा लेप द्यायला वीसेक वर्षं लागतील, पण होईल.

लालशानं दोर आवळून गाठ मारली. "तू कोनाशी खोटं नाई बोलली, बाई," तो म्हणाला. "मी एकदाच तुले खोटं बोल म्हटलं होतं." मग तो राजूबाईला वर चढवायला पलीकडे गेला.

त्यानंतर त्यांचं बोलणं झालंच नाही. ऋतुजा मामाकडे जाई, त्याच्या छातीत कोळशाची धूळ होती, त्याच्या गोळ्या आणून देई. तिच्याशी तो पूर्वीसारखाच होता. संमतीवर सही कशामुळे झाली हे त्याला ठाऊक होतं की नाही, ते तिला कधी विचारता आलं नाही. कुंदानंही तिला विचारू दिलं नाही.

एका हिवाळ्यात केंद्रावर एक बाई आल्या. नसीमबानू. चाळिशीच्या, सडपातळ, एका हाताची शीर डायलिसिसच्या सुयांनी दोरखंडासारखी फुगलेली. शहरात शिलाईकाम करत. ऋतुजानं पत्ता दिला होता, पण सोबत यायला ती तयार झाली नव्हती. त्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा सुरू झालं आणि आपली फेरी चुकली नाही, असं नसीमबानूंनी सांगितलं. त्यांची मुलगी तेव्हा दहावीला होती, आता नर्सिंगला होती. पाणी कुठून आलं होतं ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि गावातल्या बायकांसाठी त्यांनी उरलेल्या कापडांच्या पिशव्या शिवून आणल्या होत्या. एक मोठं गाठोडं होतं.

कुंदानं त्यांना खाणीच्या तोंडाशी नेलं. पाणी लाल वाहत होतं. नसीमबानू थोडा वेळ पाहत राहिल्या. हे तेच पाणी का, असं त्यांनी विचारलं. तेच, असं कुंदानं सांगितलं, आणि काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. काहीही गाळलं नाही. नसीमबानूंनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी त्यांनी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं आणि म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्हाला सांगून काय करायचं होतं?"

"माहीत नाही, ताई. पण कुणीतरी सांगायला हवं होतं."

परत निघताना त्यांनी गाठोडं उचललं, आणि गावातलं कुणीच जवळपास नाही का, असं विचारलं. कुंदा थोडी घुटमळली. मग तिनं रुळांपलीकडच्या वस्तीचा पत्ता सांगितला. नसीमबानूंच्या घरापासून तो दोन गल्ल्या सोडून होता.

महिनाभरानं ऋतुजाचा फोन आला. नसीमबानू मामाकडे जाऊन आल्या होत्या. मामीनं पिशव्या ठेवून घेतल्या, दोन-तीन शेजारणींना दिल्या. नसीमबानूंनी त्यांच्यासमोर रडून घेतलं म्हणे. मामानं सगळं ऐकलं. मग त्यांना चहा दिला आणि एवढंच विचारलं, आता बरं वाटतं का, सुया फार दुखतात का. त्या निघाल्या तेव्हा तो त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला, कारण वाटेत नाली उघडी होती आणि त्यांच्या अंगात बळ नव्हतं.

"माझ्याबद्दल काही बोलला?" कुंदानं विचारलं.

"नाही, आई."

खाली चुन्याचा ट्रक येऊन उभा होता आणि चालक हॉर्न वाजवत होता. कुंदानं ऋतुजाला जेवून घे म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि पोती उतरवून घ्यायला गेली.